कॅमेऱ्याआधी माइक

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. तिच्या नियंत्रणावर मराठीत पुष्कळ चित्रफिती निघाल्या. एक मीही केली. तीत ट्रायकोग्रामाची कार्डे ‘सात दिवसांच्या अंतराने’ लावावीत, असे सांगितले होते. एका शेतकरी बंधूंनी दूरध्वनीवर विचारले, ‘‘साठ दिवसांनी पीक तरी उरेल का, मॅडम?’’ वाऱ्याने माझ्या ‘सात’चे ‘साठ’ केले होते. चित्र स्वच्छ होते. अळीच्या डोक्यावरील उलटा इंग्रजी ‘वाय’सुद्धा दिसत होता.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे. विस्तार कार्यकर्त्याने नव्या कॅमेऱ्याआधी माइक घ्यावा, आणि पहिला माइक तारेचा, कॉलरला लावायचा असावा. हातातील कॅमेऱ्याचा अंगभूत माइक बोलणाऱ्यापासून दूर असतो आणि पकडणाऱ्या बोटांचा आवाजही टिपतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की बोलण्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. वारा तेवढाच राहतो. शॉटगन माइक रुबाबदार दिसतो, पण तोही कॅमेऱ्यावरच बसतो, आणि शेतकऱ्यामागे चालू असलेला फवारणी पंप नेमका त्याच्या समोर येतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात; आपणही कान हवा तिथे न्यावा. बिनतारी संच चालत बोलणाऱ्यासाठी उत्तम, पण दोन्ही टोके चार्ज ठेवावी लागतात. ती दुसरी खरेदी.

बेंगळुरूत चिकपेटलगतच्या एस. पी. रोडवर मी कॅमेरा बरोबर घेऊनच गेले. काही कॅमेऱ्यांना माइकची खोबणच नसते, हे आधी पाहावे. पहिल्या दुकानात मिळालेली पिन मोबाइलची, चार संपर्कांची होती. आमच्या कॅमेऱ्याला ३.५ मिलिमीटरची तीन संपर्कांची लागते. खोबणीत दोन्ही सारख्याच बसतात, म्हणूनच फसगत होते. दुसऱ्या दुकानात रिक्षांचे भोंगे चालू असतानाच मुद्रण करून हेडफोनने ऐकले. मग माइक टेबलफॅनसमोर धरला. फोमच्या टोपीतून घरघर आली. केसाळ टोपीने ती बरीच कमी झाली. दुकानदार वैतागले, पण ती टोपी त्यांनीच शोधून दिली.

चित्रफीत पुन्हा केली. या वेळी ‘सात दिवसांनी’ न म्हणता ‘दर आठवड्याला’ म्हणाले.