दोष छापखान्याचा, गुण कार्डाचे

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हांस गुणदानाची कोणतीही रीत दिसली की तिची चिकित्सा केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या जुन्या चित्रकार्डांना गुण देण्याची अशीच एक रीत आहे. १९५२ साली टॉप्स कंपनी ही कार्डे च्युइंगगमच्या पुडीत घालून विकीत असे आणि मुले ती हौसेने जमवीत. त्याच वर्षीचे मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकले गेले!

१९९१ साली स्थापन झालेली पी. एस. ए. ही संस्था अशा कार्डांना १ ते १० गुण देते. कोपरे झिजले, घडी पडली, तर गुण कमी. यात वाद नाही. परंतु मोठ्या कागदावर अनेक कार्डे छापून ती कापताना पाते सरकले, तर चित्र एका कडेला जाते; एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नीट बसला नाही, तर खेळाडूचा चेहरा धूसर दिसतो; धुळीचा कण आड आला, तर रंगात पांढरा ठिपका राहतो. यांपैकी एकही अपराध कार्ड जपणाऱ्या मुलाचा नव्हे. तरी गुण त्याच्याच कार्डाचे जातात. प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक निघाली म्हणून आम्ही मुलांचे गुण कापू लागलो, तर पालक आम्हांस काय म्हणतील?

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. १९५८ च्या पांचो हेरेराच्या काही कार्डांवर आडनावाचे शेवटचे अक्षर उमटलेच नाही. ‘हेरेरा’चा ‘हेरेर’ झाला. त्या व्यंगासाठी संग्राहक निर्दोष कार्डाहून कितीतरी अधिक किंमत मोजतात. दोष विरळा आणि चटकन ओळखू येणारा असला की तो अलंकार ठरतो. साधा ठिपका मात्र डागच राहतो. (आमच्या या वार्षिकात दरसाल अनुस्वार गळतात, त्यांना अद्याप कोणी संग्राहक लाभलेला नाही.)

घेणारा म्हणेल, ‘मला सुंदर कार्ड हवे; अपराध कोणाचा, याच्याशी मला काय करावयाचे?’ त्याचेही खरे. म्हणूनच जपणुकीचे गुण आणि छपाईचा दोष निरनिराळे लिहावेत, असे आमचे मत आहे. पी. एस. ए.कडे तशी सोय आहेही. ९ गुणांच्या कार्डात उणीव केवळ छपाईची असेल, तर आकड्यापुढे ‘पी. डी.’ ही अक्षरे जोडता येतात. पण कित्येक मालकांनाच ती नकोशी वाटतात. त्यांऐवजी ते कमी, पण कोरा आकडा मागून घेतात. असा आकडा मागून घेण्याची मुभा आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस अद्याप दिलेली नाही.