लीड्सच्या दोघी

‘फेअरी क्वीन’ हे नाव आगगाडीच्या नादी लागलेल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बनलेले हे वाफेचे इंजिन. 1997 साली ते पुन्हा पेटले, पर्यटकांना घेऊन दिल्लीहून अलवरला निघाले आणि 1998 साली नियमित धावणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेस बुकात जाऊन बसले. पण या राणीची एक शेजारीण सातासमुद्रापलीकडे आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? लीड्सच्या हन्सलेट भागात इंजिनांचे कारखाने अगदी जवळजवळ होते. त्यांतल्या किटसनच्या कारखान्यातून आपली ‘फेअरी क्वीन’ बाहेर पडली, तर पुढच्याच वर्षी, 1856 साली, ई. बी. विल्सनच्या कारखान्यातून ‘ला पोर्तेन्या’.

ही दुसरी गेली दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेसला. तिथल्या लोकांना ‘पोर्तेन्यो’, म्हणजे बंदरकर, म्हणतात. तेव्हा इंजिनाचे नाव झाले ‘बंदरकरीण’! 1856 च्या नाताळात ती जहाजाने आली. मात्र धक्क्यापासून रुळांपर्यंतचा प्रवास तिला बैलांच्या भरवशावर करावा लागला. पुढे ज्यांची कामे ती हिरावून घेणार होती, त्यांनीच तिला ओढून नेले म्हणायचे.

गावातल्याच व्यापाऱ्यांनी भांडवल उभे करून ही रेल्वे काढली होती. मार्ग जेमतेम दहा किलोमीटरचा. उद्घाटनाच्या काही दिवस आधी कंपनीची संचालक मंडळी हौसेने चाचणीच्या गाडीत बसली. जाताना सगळे सुरळीत पार पडले. परतताना कोणाला तरी वेगाची चटक लागली असावी. गाडी रुळांवरून घसरली. माणसे एकमेकांवर आदळली, कोणाला खोक पडली, कोणाला मुका मार बसला. आता शहरात बोभाटा झाला तर तिकीट कोण काढणार? मंडळींनी जागच्या जागी ठरवले, याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. रूळ दुरुस्त झाले, जखमा झाकल्या गेल्या. आज अशी गोष्ट उघडकीस आली तर चौकशी समिती बसेल, आणि बसायलाच हवी. पहिल्या दिवशी मुलाबाळांसह डब्यात शिरलेल्या प्रवाशांना आपण कशात बसतो आहोत, याची कल्पना नव्हती. हे मौन मला तरी कौतुकाचे वाटत नाही.

29 ऑगस्ट 1857 रोजी उद्घाटन झाले. (इकडे त्याच सुमारास इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला होता.) ‘पार्के’ स्थानकावरून निघालेली गाडी आल्माग्रो, काबाझितो, फ्लोरेस अशी स्थानके घेत फ्लोरेस्ताला पोचली. काबाझितो म्हणजे ‘छोटा घोडा’. तिथल्या एका गुत्त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा घोडा होता, त्यावरून हे नाव पडले. ‘पार्के’ स्थानक आता राहिलेले नाही. त्या जागी 1908 पासून ‘तेआत्रो कोलोन’ हे विख्यात ऑपेरागृह उभे आहे.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. अर्जेंटिनात पिढ्यानपिढ्या सांगतात, की हे इंजिन मुळात हिंदुस्थानासाठी बनले होते, मग क्रिमियाच्या युद्धावर गेले आणि तिथून स्वस्तात पदरात पडले. म्हणून त्यांच्या रुळांची रुंदी आपल्यासारखी, 5 फूट 6 इंच! गोष्ट ऐकायला झकास आहे. पण क्रिमियाचा धागा ओढताच तुटतो. इंग्रजांनी तिथे टाकलेले रूळ 4 फूट साडेआठ इंचांचे होते. शिवाय ते युद्ध मार्च 1856 मध्ये संपलेदेखील.

रुंदी मात्र खरोखरच एक आहे. आपल्याकडे ती तडजोडीतून आली. लंडनच्या संचालकांना मायदेशातली 4 फूट साडेआठ इंचांची रुंदी हवी होती, तर लॉर्ड डलहौसींना 6 फूट. शेवटी मधला आकडा ठरला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी याच रुंदीच्या रुळांवरून धावली. तिला ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने आपण जपली नाहीत, ही रुखरुख वेगळीच.

पुढे अर्जेंटिनानेही आपल्यासारखाच घोळ घातला. कुठे ब्रॉडगेज, कुठे मीटरगेज, कुठे इंग्लंडातली रुंदी! एका रुळांवरचा माल उतरवून दुसऱ्यावर चढवण्याची हमाली आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपण 1992 पासून बहुतेक मार्ग ब्रॉडगेज करायला घेतले. तिकडे अजूनही तिन्ही रुंद्या नांदताहेत.

‘पोर्तेन्या’ला मात्र त्यांनी भंगारात जाऊ दिले नाही. ब्वेनोस आयरेसच्या पश्चिमेला लुहान हे यात्रेचे गाव आहे. तिथल्या मोठ्या चर्चजवळच्या संग्रहालयात ती उभी आहे. तिला पाहिले की आधी नवल वाटते ते तिच्या लहानखुऱ्या बांध्याचे.