शेत कुणाचं, साचा कुणाचा?

कॉलेजात स्थलांतराचा तास असतो. मास्तर फळ्यावर बाण काढतात. एका टोकाला शेत, दुसऱ्या टोकाला कारखाना, मधे एक पोरगी. पोरगी शेत सोडते, कारखान्यात जाते, हातात पगार येतो, बाई मोकळी होते. घंटा वाजते. पोरं बाण वहीत उतरवून घेतात.

दोस्तांनो, या बाणाला आमचे तीन सवाल आहेत.

पहिला सवाल : शेत कुणाचं? बाण वेळणेश्वरातून काढा. गुहागर तालुक्यातलं गाव. समुद्र, माडा-पोफळीच्या वाड्या, शंकराचं देऊळ. टुरिस्टाला एवढंच दिसतं. परशुरामानं समुद्र हटवून हे कोकण काढलं म्हणे. काढलं असेल. पण वाटून कुणाला दिलं ते खोताच्या दप्तरात बघा. कुळानं कसायचं, पिकाचा वाटा खोताच्या घरी नेऊन घालायचा, वर वेठ करायची. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या असेंब्लीत खोतीविरुद्ध बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मोर्चानं असेंब्लीवर गेले. तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे कोकणातली आमची आजी मुंबईला निघाली तेव्हा तिनं शेत सोडलं नव्हतं. शेत तिचं नव्हतंच. तिनं वेठ सोडली, परक्याचा बांध सोडला, गावाबाहेरची वस्ती सोडली. 'शेत सोडून गेली' असं शिकवणं म्हणजे खोताला झाकणं.

दुसरा सवाल : कारखान्यात कुठलं दार उघडलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसं दोन लाखांवर होती. १९२० च्या दशकात गिरणीत साधारण पाच कामगारांमागे एक बाई. तिची जागा बहुतेक वाइंडिंग नाहीतर रिळिंग खात्यात. मजुरी नगावर. कामावर घेणं न घेणं नायकिणीच्या मर्जीवर. साचेखात्यात मजुरी जास्त, पण ते दार अस्पृश्यांना बंद. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, नि आमची थुंकी सवर्ण कामगाराला चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. कारखान्यात जात गळून पडते असं शिकवणाऱ्यानं तो धागा एकदा तोंडात धरून बघावा.

तिसरा सवाल : बाईच्या अंगाची किंमत कुणी मोजायची? बाळंतपणाच्या रजेचं बिल १९२८ साली मुंबई कौन्सिलात आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. १९२९ साली कायदा झाला. मग रॅशनलायझेशन आलं नि बायांच्या खात्यांवर कुऱ्हाड पडली. १९८२ चा संप झाला तोवर गिरणीत बाया फार थोड्या उरल्या होत्या.

हा बाण जगभर फिरलाय. अमेरिकेत लॉवेल नावाचं गिरण्यांचं गाव होतं. शेतकऱ्यांच्या पोरी तिथं मागावर आल्या. १८३४ नि १८३६ साली त्यांनी संप केले, पुढं स्वतःचं मासिकही चालवलं. त्या पोरींना आमचा सलाम. पण त्यांच्या मागावरचा कापूस दक्षिणेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला होता, नि त्याच गिरण्यांतलं जाडंभरडं कापड गुलामांच्या अंगावर जात होतं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकनांना. त्यांना हा धागा दिसत होता. आमच्या प्राध्यापकांना का दिसू नये?

पोरीनं गावातच राहावं असं आम्ही म्हणत नाही. गावाच्या गोडव्याची गाणी गावकुसाच्या आतल्यांनी गावीत. पोरीनं जावं, कमवावं, स्वतःच्या नावाचं पासबुक स्वतःच्या पिशवीत ठेवावं. पण डोळे उघडे ठेवून जावं. आज ती लोट्याच्या एमआयडीसीत जाईल, रत्नागिरीत कोळंबी सोलेल, मुंबई-पुण्याच्या पॅकिंग लाइनवर उभी राहील. नायकीण गेली, ठेकेदार आला. नगावरची मजुरी आहे तिथंच आहे.

म्हणून मुंबईतल्या पोरापोरींनो, तुमच्या वस्तीत, होस्टेलात, बुद्धविहारात अभ्यासवर्ग घ्या. मे महिन्यात गावी जाल तेव्हा तिथंही घ्या. बाण पुसा नि कामाचं शिकवा. नेमणुकीचा कागद मागायचा. पीएफचा नंबर मागायचा. किमान वेतन किती ते पाठ करायचं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. दहा नि वर माणसं असतील तिथं लैंगिक छळाविरुद्ध समिती पाहिजे, हा २०१३ चा कायदा आहे. हे पोरीला नोकरी लागायच्या आधी माहीत पाहिजे, नंतर नाही.

नि आजी जिवंत असेल तर तिला वर्गात पुढं बसवा. कुठल्या खात्यात होतीस, नायकीण काय घ्यायची, पगार कुणाच्या हातात जायचा, विचारा. वहीत ते उतरवून घ्या.