मुलाला घरी पाठवायचे तर आदेश लेखी द्या

"याला ठाण्याला पाठवा!" ही थट्टा महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 1901 साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयाने आमच्या शहराला हा लौकिक दिला. पण वालधुनीतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या आईला शाळा सांगते, "मुलाला डॉक्टरला दाखवा, सर्टिफिकेट आणा, मगच वर्गात बसवू", तेव्हा ती थट्टा राहत नाही. सगळे तोंडी. कागद नाही, मुदत नाही, आणि हजेरीपटावर मुलगा रोज गैरहजर.

आम्ही विचारतो, कोणत्या नियमाने? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने नापास करण्याची वाट मोकळी केली, काढून टाकण्याची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 3 सांगते की सामाजिक-आर्थिक स्थितीवरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. सोसायटीतला मुलगा उलटून बोलला तर 'चंचल आहे हो', वस्तीतला बोलला तर 'डोक्यावर परिणाम झालाय'. हे निदान कोणत्या पुस्तकातले? रोहित वेमुलालाही आधी वसतिगृहाबाहेर काढले, आणि तो गेल्यावर चौकशी आयोगाला दोष त्याच्याच नैराश्यात सापडला.

याचा अर्थ आपल्या मुलांना मदत नको असा नाही. दहावीतली पोरगी रात्र-रात्र झोपत नाही आणि घरचे म्हणतात 'नाटकं करते'. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतही हेच चालते. तपासणी व्हावी, जरूर व्हावी. पण ती मुलाला वर्गात टिकवण्यासाठी. शाळेने कारण लेखी द्यावे, पालकांची संमती घ्यावी, डॉक्टरची सोय स्वतः करावी, ते दिवस गैरहजेरीत धरू नयेत आणि परत येण्याची तारीख आधीच ठरवावी. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा खटल्यात 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक नेमायला सांगितले. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असेही सांगितले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या किती शाळांत असा समुपदेशक बसतो? तरुणांनी माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाकावा. त्यातच दुसरा प्रश्न जोडा: नववी-दहावीची मुले कलम 16 च्या बाहेर राहतात, त्यांना घरी पाठवताना तुम्ही कोणता नियम लावता?