तुमचे तुम्ही गट करा

सहावी-सातवीच्या वर्गात शिक्षक अगदी सहज म्हणतात, "पाच-पाच जणांचे गट करा. तुमचे तुम्ही करा." विज्ञानाचा प्रकल्प असो नाहीतर स्नेहसंमेलनातला नाच. लगेच बाकं सरकतात, हाका सुरू होतात, कुणी कुणाला हाताला धरून ओढतं. मिनिटभरात बहुतेक वर्गाचे गट झालेले असतात आणि एखादी मुलगी दप्तराची चेन उघडून आत काहीतरी शोधत बसलेली असते. दप्तरात शोधण्यासारखं काही नसतं. मग बाई विचारतात, "हिला कोण घेतंय?" ज्या गटात चौघीच असतात, त्या एकमेकींकडे बघतात. तेवढं बघणं सगळ्या वर्गाला दिसतं. गणितात नापास झाल्याने खचणार नाही इतकी ती मुलगी त्या क्षणी खचते, असं माझं ठाम मत आहे.

या वयातच हे का होतं, तेही बघायला हवं. चौथीपर्यंत मैत्री आपोआप जुळते. शेजारी राहतो, एका रिक्षातून जातो, एवढं पुरतं. पुढे अनेकांची शाळा बदलते, तुकड्या नव्याने पाडल्या जातात. कुणी एकदम उंच होतं, कुणाला पाळी सुरू होते, कुणाला अजून भातुकली खेळावीशी वाटते. आता मित्र निवडले जातात, आणि निवड आली की कुणीतरी उरणारच. गल्लीतल्या खेळात निदान कच्चं लिंबू म्हणून तरी घेत. वर्गातल्या ग्रुपमध्ये तशी सोय नाही.

जिवलग मैत्रिणींची कट्टी होणं, महिन्याभराने पुन्हा गट्टी होणं, हे चालायचंच. त्यात मोठ्यांनी पडू नये. पण "तिच्याशी बोललीस तर आम्ही तुझ्याशी बोलणार नाही" हे वेगळं. हे वाळीत टाकणं आहे. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकलं तर तो गुन्हा ठरावा, म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधात कायदा केला. मुलांसाठी कायदा नको, पण "मुलींचं असंच असतं" म्हणून सोडूनही देऊ नये. आणि ते फक्त मुलींचंच असतं असंही नाही. मैदानावर दोन कॅप्टन आळीपाळीने खेळाडू मागून घेतात, तेव्हा शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा बघावा.

सातवीतली माझी भाची काही आठवडे डबा अर्धा परत आणत होती. भाजी नावडती नव्हती. डबा घेऊन कुणाजवळ बसायचं, हा प्रश्न होता. मधली सुट्टी संपवण्याचा तिने एक क्रमच बसवला होता. आधी बाटली भरायला नळावर जायचं, मग थोडं पाणी झाडाला ओतून पुन्हा नळावर, मग ग्रंथालयाबाहेरचा फलक वाचत उभं राहायचं. हे तिने पुढे कधीतरी आपणहून सांगितलं. म्हणाली, "रांगेत उभं असलं ना, की आपण एकटे आहोत असं दिसत नाही."

यावर घरात हमखास ऐकू येतं, "मनाला लावून घेऊ नकोस." पण हे लागण्यासारखंच असतं. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स या संशोधकांचा प्रयोग २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. स्कॅनरमध्ये झोपलेला माणूस पडद्यावर आणखी दोघांबरोबर चेंडू फेकण्याचा खेळ खेळतो. थोड्या वेळाने ते दोघं आपापसातच चेंडू टाकू लागतात. प्रत्यक्षात ते दोघं नव्हतेच, संगणकच खेळत होता. तरी वगळलं जाताना त्या माणसांच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडल्या गेलेल्या भागाची हालचाल वाढलेली दिसली. ही सज्ञान माणसं होती, खेळ काही मिनिटांचा होता, समोरचे अनोळखी होते. बारा वर्षांच्या मुलीला हे रोज सहन करावं लागतं, आणि तेही ओळखीच्यांकडून.

त्यामुळे मला मुलांपेक्षा मोठ्यांकडून अपेक्षा जास्त आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट अरन्सन यांनी तिथे उपदेश केला नाही, शिकवण्याची रीत बदलली. पाच-सहा जणांचे मिश्र गट त्यांनीच पाडले. पत्रकार जोसेफ पुलित्झरचं चरित्र शिकायचं, तर प्रत्येक मुलाला त्यातला एकच भाग दिला. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर. ज्याला आजवर कुणी विचारत नव्हतं, त्याचाही भाग नीट ऐकणं आता भाग होतं. मैत्री करा असं कुणी म्हटलं नाही. एकमेकांची गरज मात्र निर्माण केली.

यासाठी खर्च नाही, परवानगी नाही. गट बाईंनी पाडावेत आणि दर महिन्याला बदलावेत, एवढं तर उद्यापासून जमेल. घरच्यांनी "तू काय केलंस?" यापेक्षा "आज डबा कुणाजवळ बसून खाल्लास?" असं विचारावं आणि उत्तर ऐकून उपाय सांगायची घाई करू नये. शाळेबाहेरचं एखादं ठिकाण मात्र जरूर टिकवावं: कबड्डीचं मैदान, तबल्याचा क्लास, सोसायटीतली टोळी. वर्गात कुणी विचारत नसताना तिथे नावाने हाक मारणारं कुणी असलं, तर मूल तगून जातं.

आता सहलींचे दिवस येतील. बसमध्ये कोण कुणाशेजारी बसणार, या काळजीने काही मुलांची झोप आठवडाभर आधीच उडालेली असते. शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावाव्यात. जाताना एक, येताना दुसरी. मुलं कुरकुर करतील, खिडकीवरून भांडतील. भांडू द्यावीत.