नव्या कर्जाने जुने कर्ज फिटते काय?

मार्चअखेर जवळ आली की गावोगाव पीककर्जाचे ‘नवे-जुने’ सुरू होते. हाती पैसा नसलेला शेतकरी सावकाराकडून चार-आठ दिवसांपुरती रक्कम उचलतो, सोसायटीचे जुने कर्ज भरतो आणि नवे मंजूर होताच सावकाराचे देणे सव्याज भागवतो. दप्तरात कर्ज फिटते. घरात ते वाढते.

कर्ज काढून कर्ज फेडणे सर्वस्वी अनिष्ट आहे, असे नव्हे. दरमहा शेकडा 5, म्हणजे वर्षाला 60 टक्के दराचे कर्ज 12 टक्क्यांच्या कर्जाने फेडले, तर 10,000 रुपयांमागे वर्षाला 4,800 रुपये वाचतात. मात्र त्यासाठी सावकाराचे खाते कायमचे बंद झाले पाहिजे आणि नवा हप्ता उत्पन्नातून निघाला पाहिजे. उत्पन्नच खर्चाला पुरत नसेल, तर नवे कर्ज संकट फक्त पुढे ढकलते.

1875 साली सुप्यापासून पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मुळापासून हिशेब तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. आधी हिशेब, मग हप्ता, हा क्रम आजही योग्य आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कर्जदाराला नवा धनको दाखवण्याआधी त्याच्याबरोबर वही उघडून बसावे. मुद्दल किती, व्याज किती, हे मांडावे. सावकारी बेकायदा असेल, तर 2014 च्या कायद्यान्वये सहकार खात्याकडे तक्रार करावी. आणि शेतमालाच्या भावाचा लढा सोडू नये. कर्ज अखेर फिटते ते मिळकतीतूनच.