गाडी तुमची, इंजिन तुमचं, मग मॅपला कुलूप कुणाचं?

मंडळी, गेल्या महिनाभरात इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, गाडीला बाहेरचा ईसीयू टाकायचाय, कुठला घेऊ?" हॅल्टेक चांगला की लिंक? मेगास्क्वर्ट जुना झाला का? स्पीडुइनोवर विश्वास ठेवावा का?

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच लिहितो. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

उत्तर एका ओळीचं आहे. ज्याचा मॅप तुम्हाला स्वतःला उघडून बघता येत नाही, तो कॉम्प्युटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. ब्रँड नंतर बघू.

हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये, पैसे घालवून शिकलोय.

माझी एस्टीम 2002 सालची, 1300 सीसी. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून ठेवलेली, घरच्या माणसासारखी. चार वर्षांपूर्वी एका ट्यूनरकडे (नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही) तिला स्वतंत्र ईसीयू बसवून घेतला. काम दोन दिवसांत झालं. पिकअप असा की पहिल्या दिवशी मीच खूश. लॅपटॉप लावून मॅप दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, "सर, ती आमची प्रॉपर्टी आहे. पासवर्ड देत नाही. तुम्ही फक्त गाडी चालवा."

आणि मी शहाणा, चालवली.

मे महिना, गाडीत चार माणसं, एसी चालू, कणकवलीहून फोंडा घाट चढत होतो. अर्ध्या घाटात बोनेटखालून खडखड सुरू झाली. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. वर येईपर्यंत गाडीनं दम सोडला होता. उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींनी हेड उघडलं. तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटून पडलेली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "दादा, ह्यो पेट्रोलचा दोष न्हाई. कुणीतरी टायमिंग लय पुढं घेतलंय."

महिनाभर मागे लागल्यावर ट्यूनरनं फाईल पाठवली. उघडली, तर नोंदीच्या रकान्यात दुसऱ्याच गाडीचं नाव. इंजिन 1600 सीसीचं. त्या गाडीचा मॅप उचलून माझ्या गाडीत चिकटवला होता आणि वर कुलूप लावलं होतं. कुलूप कशासाठी होतं ते तेव्हा कळलं. त्याची विद्या चोरीला जाऊ नये म्हणून नव्हतं, त्याची चोरी मला दिसू नये म्हणून होतं.

आता नवीन मुलांसाठी थोडं मुळापासून.

इंजिनाचा कॉम्प्युटर मुख्यतः दोन गोष्टी ठरवतो: पेट्रोल किती टाकायचं आणि ठिणगी कधी पाडायची. त्यासाठी त्याच्याकडे पाढ्यांसारखे तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. यालाच मॅप म्हणायचं. यात जादू काही नाही. पण हे आकडे त्याच इंजिनावर, तेच इंजेक्टर लावून, मोजून भरावे लागतात. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसलं की डोकं दुखतं, इथं पिस्टन फुटतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला रिमॅप, म्हणजे कंपनीच्याच कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे. दुसरा पिगीबॅक, म्हणजे मधे एक डबी बसवून सेन्सरचे किंवा इंजेक्टरचे सिग्नल बदलायचे. तिसरा स्टँडअलोन, म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटर बाजूला ठेवून सगळा कारभार नव्याकडे द्यायचा. गाडी रोजच्या वापरातली, नवी आणि इंजिन जसंच्या तसं असेल, तर तिसऱ्याच्या नादाला लागू नका. एबीएस, एसी, मीटर हे सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरशी बोलत असतं, ते बोलणं तुटतं. स्टँडअलोन खरा उपयोगी पडतो तो जुन्या गाडीला, बदललेल्या इंजिनाला किंवा ट्रॅकच्या गाडीला.

ब्रँडचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाचा हॅल्टेक, न्यूझीलंडचा लिंक हे दमदार आहेत, पण ड्युटी आणि वायरिंग धरून लाखाच्या घरात जातात. 2001 मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट आणला, तेव्हा हौशी माणसाला स्वतः सोल्डरिंग करून इंजिनाचा कॉम्प्युटर बनवता येऊ लागला. स्पीडुइनो त्याच वाटेवरचा, आर्डुइनो मेगावर चालणारा. त्याचा प्रोग्राम आणि सर्किट दोन्ही उघडे आहेत. बोर्ड काही हजारांत होतो.

कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी समोरच्याला हे पाच प्रश्न विचारा:

1. पासवर्ड कुणाकडे राहणार? "आमच्याकडे" असं उत्तर आलं की नमस्कार करून उठा.

2. माझ्या इंजिनाचा क्रँकचा सिग्नल याला वाचता येतो का? नसेल तर दातेरी चाक लावावं लागतं. माझ्या गाडीला छत्तीस दातांचं, एक दात गाळलेलं चाक उद्यमनगरातच कापून घेतलं. हे चाक डगमगलं तर लाखाचा ईसीयूसुद्धा आंधळा होतो.

3. मोजणार कशानं? वाइडबँड लॅम्डा सेन्सर नसेल आणि "आवाजावरून कळतं" असं कुणी म्हणालं, तर तो ट्यूनर नाही, ज्योतिषी आहे. नॉक कसं पकडणार, तेही विचारा.

4. चुकलं तर हा कॉम्प्युटर काय करतो? तेलाचं प्रेशर पडलं, तापमान चढलं, मिश्रण पातळ झालं, तर इंजिन आवरतो का? ती सोय चालू करून देणार का?

5. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहणार ना? "काढून टाकू, मोकळं होईल" म्हणाला की तिथंच थांबा.

आता मुद्द्याचं बोलतो. हा विषय फक्त हौशी पोरांचा आहे असं वाटत असेल, तर तसं नाहीये.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकानं गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानं लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. लक्षात घ्या, मालकाला. घाटात माझा पिस्टन फुटला, उद्या पकडला तरी दंड मलाच.

आरसीवर सीसी असते, इंधन असतं, रंग असतो. ईसीयूचं नाव नसतं. मग मॅप बदलणं हा बदल आहे की नाही? अधिकाऱ्याच्या मनावर. असा करडा पट्टा राहिला की तिथं प्रामाणिक माणूस दुकान टाकत नाही. टाकतो तो पावती न देणारा, पासवर्ड न देणारा आणि फोन न उचलणारा. तक्रार करायला जायचं कुठं? तोंड उघडलं की आपणच आरोपी!

"सरकारला हे जमणार नाही, लय तांत्रिक विषय आहे," असं कुणी म्हणेल. त्याला सीएनजीवाल्याकडे न्या.

सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवताना बघितलंय कधी? त्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. पेट्रोल इंजेक्टरला जाणारा सिग्नल तो मधेच पकडतो, आपल्या तक्त्यातल्या आकड्यानं कमीजास्त करतो आणि गॅसचे इंजेक्टर चालवतो. बसवणारा लॅपटॉप लावून तो तक्ता जुळवतो. राव, हा पिगीबॅक ईसीयू नाही तर काय आहे? आणि तो कायदेशीर आहे. किटची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत होते, आपल्या पुण्याची एआरएआय त्यातलीच एक. मान्यता मिळालेलं किट बसवायचं, आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करायची, विषय संपला. म्हणजे इंधनाचा मॅप बदलण्याला शिक्का मारायची पद्धत या देशात आहे, रोज वापरात आहे. फक्त पेट्रोलवाल्याला ते दार बंद आहे.

कॅलिफोर्नियाएवढा धुराच्या बाबतीत कडक मुलूख शोधून सापडणार नाही. तिथंही बाहेरचा पार्ट प्रदूषण वाढवत नाही हे चाचणीत सिद्ध झालं की त्याला मंजुरीचा क्रमांक मिळतो. जर्मनीत तपासणी करून बदल गाडीच्या कागदावर चढवता येतो. नियम आपल्यापेक्षा कडक आहेत, पण दार आहे.

आणि आता तर सरकारनंच माझ्या टाकीतलं इंधन बदललंय.

देशात 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं. ऊस आपल्याच शिवारातला आहे, कारखाना आपलाच आहे, शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर मला आनंदच आहे. पण रसायनशास्त्र कुणाचं ऐकत नाही. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 पट. ई20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेत आता इंधन जास्त टाकायला हवं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर बरंचसं सावरून घेतो. पण माझ्यासारख्या जुन्या गाडीत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो सेन्सरकडे बघत नाही, 2002 च्या तक्त्यावर चालतो. मिश्रण सात-आठ टक्के पातळ. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की ई10 साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं अॅव्हरेज ई20 वर 6 ते 7 टक्के घटेल.

मॅप बदलून रबरी नळ्या आणि सील सुधारणार नाहीत, त्या बदलाव्याच लागतात. अॅव्हरेजही सगळं परत येणार नाही, कारण इथेनॉलमध्ये ताकदच कमी आहे. पण मिश्रण नीट करता येतं. तेवढंही अधिकृतपणे करायची वाट जुन्या गाडीच्या मालकाला नाही. इंधन तुम्ही बदलणार आणि आकडा आम्ही बदलला तर गुन्हेगार, हा कुठला न्याय?

आता थोडं आपल्याच लोकांना. हे वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना राग येणार, तरी लिहितो.

कायद्याला आपण आयतं कारण देतोय. डिझेल गाडीचा डीपीएफ आणि ईजीआर "डिलीट" मारायचा, सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्या ताईच्या तोंडावर काळा लोट सोडायचा, वर त्याचं रील करायचं. पीयूसीला साधा मॅप, बाहेर आल्यावर दुसरा. पीयूसीत इंजिनावर भार नसतो, घाटातला धूर तिथं दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचाच फायदा घेतला जातो. याला ट्यूनिंग म्हणू नका. नीट ट्यून केलेल्या गाडीला धूर नसतो. हे लोक जोवर आपल्या मीटला पुढच्या रांगेत उभे आहेत, तोवर सरकारकडे तोंड वर करून काही मागायचा हक्क आपल्याला नाही.

माझं मागणं साधं आहे. सीएनजी किटसारखीच ईसीयूला आणि मॅपला मान्यतेची पद्धत हवी. चाचणी भार देऊन व्हावी, फक्त उभ्या गाडीवर नको. आरसीवर नोंद, ट्यूनरचं पक्कं बिल आणि मॅपची प्रत मालकाच्या हातात. चुकला तर ट्यूनरही जबाबदार. आणि डिलीट मारणाऱ्याला आजच्यापेक्षा दुप्पट दंड करा, पहिली सही माझी.

माझ्या गाडीत आज स्पीडुइनो आहे. वाइडबँड लावलाय, कन्व्हर्टर जागेवर आहे, प्रत्येक चौकटीतला आकडा मला पाठ आहे. फोंडा घाट दोनदा चढून आलो, खडखड नाही. तरीही कुणी हात करून थांबवलं तर मला दाखवायला एकही कागद नाही. हो, मीही त्याच करड्या पट्ट्यात उभा आहे. म्हणूनच लिहितोय.

तुमच्याकडे कुलूपबंद ईसीयू असेल, तर उद्याच ट्यूनरला फोन करून फाईल मागा. काय उत्तर आलं ते खाली लिहा, नाव न घेता. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर.